डावीकडचा उजेड

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मारीविक माझी चुलत नणंद. जे घडलं ते तिने मला इस्पितळातल्या खाटेवर सांगितलं. नंतर तिच्याबरोबर पाण्यात असलेल्या तियो इस्कोंना, म्हणजे इस्को काकांना, मी वेगळं गाठून विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं.

तारीख चौदा नोव्हेंबर २०१९, गुरुवार. आमच्या अनिलाओच्या किनाऱ्यापासून होडीने दहा मिनिटांवर एक खडक आहे, तिथली गोष्ट.

सकाळचे नऊ वाजले होते. ऊन लख्ख होतं.

मारीविकचा धाकटा भाऊ रोडेल पाणबुड्या होता. फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना तो पाण्याखाली न्यायचा. तांदळाएवढे जीव शोधून दाखवायचा आणि फोटो निघेपर्यंत त्यांच्यावर दिवा धरून बसायचा. त्या सकाळच्या दोन वर्षं आधी एका पाहुण्याची पडलेली लेन्स आणायला तो एकटाच पुन्हा खाली उतरला.

वर आलाच नाही.

नऊ दिवस शोधलं. टाकी नाही, मास्क नाही, काही म्हणता काही नाही.

मारीविक-रोडेलची आई पासिंग, आम्ही सगळेच तिला इनाय म्हणजे आई म्हणतो, तो गेला हे मानायलाच तयार नव्हती. चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना होऊ देईना. त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावून आलं, ही दार लावून बसली. खाणं सुटलं. हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनीही हात टेकले.

मारीविकला तिने एकदाच सांगितलं होतं, "मला पाण्याखाली कोण नेणार? तू जा. त्याचं जे काही उरलं असेल त्याचा फोटो आण. मग मी मानेन."

एवढ्यासाठी मारीविक बुडी मारायला शिकली. एवढ्यासाठी कॅमेरा हातात घेतला.

शिकवलं तियो इस्कोंनी. वय साठीचं. रोडेललाही त्यांनीच तयार केलेलं. सुरुवातीचे मारीविकचे सगळे फोटो निळे आणि हललेले. पाय लागून वाळू उडायची आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसायचं. तियो चिडायचे नाहीत. जवळ जा, श्वास हळू घे, आणि फोटोआधी हवेचा काटा बघ, एवढंच सांगायचे. फोटो चुकला तर दुसरा काढता येतो, म्हणायचे.

ती एकेक कपार टिपत गेली. रोज संध्याकाळी इनायला दाखवायची. इनाय मान हलवायची आणि विचारायची, याच्या पुढे काय आहे?

त्या सकाळी दोघं वीस मीटर खाली होती. मारीविक एका कपारीवर कॅमेरा रोखत होती. तेवढ्यात…

टक. टक. टक.

टाकीवर लोखंडी काडी आपटल्याचा आवाज. पाणबुडे एकमेकांना असंच बोलावतात. तिने मागे पाहिलं. तियोंचे दोन्ही हात रिकामे होते. तेही इकडेतिकडे बघत होते.

आसपास तिसरं कोणी नव्हतं.

तिने फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. तिच्या कॅमेऱ्याला फ्लॅश एकच, उजवीकडे. म्हणजे कपारीची डावी बाजू काळोखात हवी.

फोटोत…

डावीकडूनही उजेड पडला होता.

होडीवर आल्यावर तियोंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, "रोडेल दिवा असाच धरायचा. डावीकडून, जरा वरून. दुसरं कोणी तसं धरत नाही."

"मग परत जाऊ या."

"नको, पोरी. मला हे बरं दिसत नाही."

"तियो, इनायच्या पोटात चार दिवस अन्न नाही. तुम्ही नाही आलात तर मी एकटी उतरेन."

ती खरंच उतरली असती, हे त्यांना माहीत होतं. तासभर थांबून ते तिच्याबरोबर गेले.

खडकापाशी पाण्यात कायम एक आवाज चालू असतो. बारीक कोळंबी, पोवळं कुरतडणारे मासे. फोडणीत मोहरी तडतडावी तसा. त्याची इतकी सवय होते की कान तिकडे जातच नाही.

त्या वेळी मात्र तिचा कान तिकडे गेला… कारण आवाज बंद झाला होता.

एकही मासा दिसत नव्हता.

टक. टक. टक.

आता खालून.

उतारावर खूप खाली एक पिवळट दिवा होता. ती सरळ त्याच्याकडे निघाली. मागे पाहिलं नाही. काटाही पाहिला नाही.

वाळूवर एक माणूस पाठमोरा ओणवा झाला होता. पाठीवर टाकी. दिवा वाळूत कशावर तरी धरलेला.

तिने फोटो काढला. फ्लॅशने दिपलेले डोळे निवळले, तर तो आणखी खाली. पुन्हा फोटो. पुन्हा तो खाली. तोंडातली नळी तशीच ठेवून ती त्याला हाका मारत होती.

सातव्या फोटोला तो हाताच्या अंतरावर होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं…

तिच्या श्वासाचे बुडबुडे वर जात होते.

त्याचा एकही बुडबुडा वर जात नव्हता.

तरी ती थांबली नाही. मला म्हणाली, "वहिनी, मेलेला असला म्हणून काय झालं? माझाच होता ना."

तियोंनी तिचा पाय पकडला तेव्हा ती एक्केचाळीस मीटरवर होती. काटा तांबड्यात. तिने त्यांना लाथा घातल्या. त्यांनी सोडलं नाही. अर्ध्या वाटेत तिची हवा संपली, तेव्हा आपल्या टाकीची दुसरी नळी तिच्या तोंडात कोंबली. त्या धडपडीत त्यांच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत.

त्यांना तिथे माणूस दिसला नव्हता. उजेड दिसला होता.

सातही फोटोंत नुसती वाळू. डावीकडून उजळलेली.

झपाट्याने वर आल्यामुळे मारीविकला इस्पितळात ठेवलं होतं; तिसऱ्या दिवशी इनाय तिथे आली. मारीविक रडत म्हणाली की काही सापडलं नाही, तो पाठमोरा होता आणि फोटोतही आला नाही. इनायने कॅमेरा मागून घेतला. एकेक फोटो बघत ती शेवटच्यावर थांबली. मी शेजारीच उभी होते.

"पाठमोरा कुठे आहे?" इनाय म्हणाली. "तोंड इकडे आहे की. तुझ्याकडेच बघतोय."

मारीविक धडपडत उठून बसली. "इनाय, रोडेलच ना?"

इनायने कॅमेरा पालथा ठेवला.

"हा माझा मुलगा नाही."

मग कोण, ते तिने सांगितलं नाही. पुढच्याच रविवारी रोडेलच्या नावाने प्रार्थना करवली. दोन घास खायला लागली. त्या तोंडाबद्दल मात्र आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही.

तो सातवा फोटो मी कितीदा पाहिला. वाळूच आहे.

मारीविक आता पाण्यात जात नाही. माझ्याकडे येते, ओट्याशी बसते आणि दर वेळी तेच विचारते.

"वहिनी, तो रोडेल नव्हता… तर दिवा तसा धरायला त्याला शिकवलं कोणी?"

मी उठून भात बघायला जाते.