वरून ऑर्डर आहे

बायको चष्मा दुरुस्तीला घेऊन बाहेर पडली, तसा लिफ्टमन हात चोळत कॉम्प्युटरसमोर बसला. आज मेहुण्याचा बंदोबस्त करायचाच. रोज टपकायचं, कॉम्प्युटरवर तासन् तास पत्ते खेळायचे आणि कीबोर्डवर बिस्किटांचा चुरा पेरून जायचं, म्हणजे काय!

रिटायर झाला तरी गल्लीभर त्याला लिफ्टमनच म्हणत. जन्मभर माणसं वरखाली केली आणि भरपूर छळली. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकवायची, आतलं माणूस कोकलायला लागलं की तोंड बारीक करून म्हणायचं, "मी काय करणार साहेब, वरून ऑर्डर आहे." एका लठ्ठ हेडक्लार्कने तर घाबरून मृत्युपत्राच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. लिफ्टमन ते आठवून अजून एकटाच हसे.

कॉम्प्युटरच्या दुकानवाल्याला त्याने फोन लावला.

"काका, घरगुती कॉम्प्युटरमध्ये पहाऱ्याची सगळी अवजारं असतात, पण लपवलेली. मी पाठवतो ती फाइल चालवा, दिसायला लागतील."

"म्हणजे आतच आहेत?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्हाला दिसत नव्हती एवढंच. पण कळेल तेवढंच हलवा हं."

फाइल चालली. काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावली आणि नवी खिडकी उघडली. नियमच नियम. प्रत्येकापुढे 'चालू' नाहीतर 'बंद'. आता, ज्याने 'लिफ्ट बंद'ची पाटी लावून चार मजल्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला 'बंद' कसं आवडणार? वाचायचे कष्ट कोण घेतो! 'पाहुण्यांना मनाई': चालू. 'बदल करण्यास मनाई': चालू. 'बाहेर पडण्यास मनाई': चालू.

दाराशी खट् झालं. अगदी हलकं.

लिफ्टमन उठून बघायला गेला. कडी निघाली, कुलूप फिरलं, दार मात्र हललं नाही. खांदा लावला. भिंतीला लावल्यासारखा. खिडक्यांचंही तेच. शेजाऱ्याला हाक मारावी म्हणून त्याने बाहेर पाहिलं, तर काचेपलीकडे भरदुपारी करडा अंधार साचलेला. आणि वास येत होता... ग्रीसचा, जुन्या दोराचा, ओल्या विटांचा. हा वास त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

तो धडपडत परत आला. 'बंद'वर बोट आपटलं. अक्षरं फिकट पडली होती, दाबली जाईनात. खाली ओळ उमटली: *हा बदल तुम्हाला करता येणार नाही. प्रशासकाला विचारा.*

"अरे, या घरात प्रशासक मीच ना!" तो ओरडला. मग जरा विचार करून म्हणाला, "बरं, बायको. पण तिसरा कोण?"

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. बायकोच्या.

 घरच्यांना आत येण्याला मनाई कुठे होती! तो दाराला चिकटला. "अगं, आत येऊ नकोस! ऐक माझं... कुलपाला हात लावू नकोस!"

"आज काय नवीन सोंग?" बाहेरून हसू आलं. "मागच्या वेळी साप निघाला होता, त्याच्या आधी झटका आला होता."

"शपथेवर सांगतो गं. आलीस तर बाहेर जाता येणार नाही."

"इतकी वर्षं तरी कुठे जाता आलं!"

किल्ली फिरली. दार लोण्यासारखं उघडलं. बायकोला मागे ढकलून आपणही निसटायचं म्हणून तो झेपावला, पण ती तोवर आत आली होती आणि तिच्या पाठीमागे दार आपोआप मिटलं.

खट्.

तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. हसू ओठांवरच सुकलं. तिने दार ओढून पाहिलं, एकदा, मग दोन्ही हातांनी.

"अहो... हे उघडा ना."

"मी काय करणार..." तो पुटपुटला आणि पुढचे शब्द त्याने दातांखाली दाबले.

पण टेबलावर पडद्याने ते लिहूनही टाकले होते. *वरून ऑर्डर आहे.*

पायाखाली हलकासा हिसका बसला. कपाटातली भांडी किणकिणली. खिडकीबाहेर ओल्या विटांची रांग दिसली. ती सावकाश वर सरकली, मागून दुसरी आली.

बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "आपण खाली का चाललोय?"