संथेतील मोकळी जागा

दहिवलीच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तिच्यातून भाताची खाचरे आणि त्यांच्या पाठीशी राजमाचीची दोन शिखरे दिसतात. खिडकीखालच्या टेबलावर आमचा संगणक असतो. शाळेतील संस्कृतच्या प्रश्नपत्रिका घरीच सिद्ध करता याव्यात, म्हणून निवृत्तीपूर्वी घेतलेला. त्याच्या पडद्याला मागे कुबड आहे, कळफलकावरील काही अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत, आणि सुरू होताना तो एखाद्या वृद्धासारखा घसा खाकरतो. धूळ बसू नये म्हणून माझ्या पत्नीने, नंदाने, जुन्या लुगड्याच्या काठाचे आच्छादन त्याला शिवले होते. ती गेली, तरी रोज दिवेलागणीला मी ते न चुकता घालीत असे.

गेल्या मार्गशीर्षात मी त्या संगणकातील फायली लावायला घेतल्या. निमित्त श्रद्धाचे. आमची ही लेक खोपोलीला दिलेली. तिला उशिरा मूल झाले. नातीचे नाव जिजा.

"बाबा, जिजा फोटोतली आजी ओळखायला लागली," श्रद्धा फोनवर म्हणाली. "पण आवाज? आईचा आवाज कुठेच नाही का हो?"

"पाहतो."

"नुसतं पाहतो नका म्हणू. बालवाडीतल्या माझ्या बक्षीससमारंभाचे सतरा फोटो जपलेत तुम्ही. आणि आईचा एक शब्द नाही?"

खरोखरच नव्हता. छायाचित्रे होती, प्रश्नपत्रिका होत्या, एकाच पत्रिकेच्या चार-चार प्रती होत्या. नंदाचा आवाज नव्हता. त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा मात्र होती.

त्याचे असे झाले. नंदाला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. समज शाबूत होती. जिभेला शब्द सापडत नसे. डॉक्टरांनी सांगितले, साधे शब्द तिच्या कानांवर रोज पडू द्या आणि तिला ते म्हणायला लावा. शिकवण्याची एकच रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, ती संथेची. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. गुरू पुढे जात नाही. शिष्याची दोन आवर्तने होईपर्यंत तो थांबतो. त्याप्रमाणे मी संगणकावर संथा ध्वनिमुद्रित करून ठेवली. एक शब्द मी म्हणायचा आणि पुढे दोन उच्चार मावतील एवढी जागा मोकळी सोडायची. पाणी. दिवा. भात. तुळस. शेवटच्या फायलीत एकच शब्द होता, तिचे स्वतःचे नाव.

वेताच्या खुर्चीत बसून ती ते ऐके. ओठ हलत. त्या मोकळ्या जागांत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि उल्हास नदीच्या पाण्याचा दूरचा नाद यांखेरीज कधी काही उमटले नाही. तिचे नाव ऐकवले, त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

हे मी श्रद्धाला सांगितले. ती म्हणाली, "असू द्या. तुमचा तर आवाज आहे. तेच द्या मला. रविवारी येते जिजाला घेऊन."

एवढ्यात संगणक मधूनच करकरू लागला. कर्जत स्थानकाजवळ ऋतिकचे दुरुस्तीचे दुकान आहे. तो माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात जेमतेम तरलेला. घरी येऊन त्याने पेटीला कान लावला.

"गुरुजी, हार्डडिस्क गेल्यात जमा हाय. जे पायजे ते आत्ताच काढून घ्या. एक कॉपी या नव्या डिस्कवर, आणि तिच्यावरून एक पेनड्राइव्हवर. एकीवर भरवसा ठेवायचा नाय."

"प्रतीची प्रत काढताना दोष शिरतात, ऋतिक. पोथ्यांत पाहिले आहे मी."

"पोथीत शिरतात, गुरुजी. इथं माणूस कुठं लिवतोय? कॉपी म्हंजे कॉपी." तो हसला. "धातुरूपं थोडीच हायेत, माज्यासारखी चुकायला!"

तो निघून गेल्यावर मी संथेच्या फायली नव्या डिस्कवर उतरवल्या. शेवटची तेवढी राहू दिली. तिला हात लावण्याचे मनात येईना. दुपारची वेळ होती. विमलबाई मागच्या पडवीत भांडी घाशीत होती. ती डोंगराखालच्या ठाकरवाडीतून कामाला येते. हाक मारली की पहिल्या हाकेला ती कधी ओ देत नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेला देते. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, दुसरे जे काही असते ते दोनदाच मारते, असा या भागातला समज आहे. त्यावरून नंदा तिला चिडवीत असे. "अगं, मीच आहे गं, भूत नाही!" "तिसऱ्यांदा म्हना, मंग मानते," असे विमलबाईचे ठरलेले उत्तर.

सवयीने मी नवी प्रत ऐकून पाहिली. "पाणी," माझा आवाज म्हणाला. मग घड्याळाची टिकटिक. मग काकणांचा सूक्ष्म नाद, आणि कोणीतरी श्वास आत घेतल्यासारखे.

मी मूळ फाईल लावली. तिच्यात टिकटिक होती आणि नदी होती. आणखी काही नव्हते.

विमलबाईचे हात थांबले असावेत. भांड्यांचा आवाज बंद झाला होता. ती दारात येऊन उभी राहिली. सकाळी झोडणीला गेली होती, केसांत अजून भाताचे तूस होते.

"कोनाला शिकवताय, गुरुजी? या वयात नवी शिष्यीन?"

"जुनीच संथा आहे. तुझ्या बाईंसाठी केलेली."

"मंग काकनं कोनाची वाजली?"

तिने खोलीभर नजर फिरवली, वेताच्या खुर्चीवर क्षणभर ठेवली, आणि उंबरठा न ओलांडता परत गेली.

दुसऱ्या दिवशी ऋतिकने सांगितल्याप्रमाणे डिस्कवरची प्रत पेनड्राइव्हवर उतरवली. ती लावली. "पाणी," मी म्हणालो. आणि मोकळ्या जागेत एक स्वर उमटला, अडखळत, ओठ जड असल्यासारखा. पा. णी. पुन्हा, थोडा स्पष्ट. पाणी.

माझे वय आणि माझे शिक्षण पाहता मी तो आवाज तपासायला हवा होता. मी तसे केले नाही. मी आच्छादनाचा काठ मुठीत धरून बसलो आणि दिवा, भात, तुळस, सर्व ऐकले. ज्या शब्दांसाठी ती खुर्चीत महिनोन्महिने धडपडली, ते सर्व शब्द तिला आले होते.

दोन्ही प्रती घेऊन मी ऋतिककडे गेलो. त्याने त्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या. "साइज सेम हाय, गुरुजी. तारीख सेम. काडीचा फरक नाय." मग त्याने हेडफोन लावून त्या ऐकल्या. हसू मावळले. "मागनं माईक चालू राह्यला असंल तुमचा," तो म्हणाला. पैसे घेतले नाहीत, रस्त्यापर्यंत पोचवायला मात्र आला.

संथेचा एक धर्म आहे: शिष्याचा स्वर जसजसा स्थिर होतो, तसतसा गुरू आपला स्वर उतरवतो. त्यामुळे पुढच्या प्रतीत जे झाले, त्याचे मला प्रथम नवल वाटले नाही. पेनड्राइव्हवरून मी आणखी एक प्रत काढली, तिच्यावरून आणखी एक. प्रत्येकीत नंदा जवळ येत होती. तुळस म्हणताना ती पूर्वी शेवटचा स्वर किंचित लांबवीत असे, तोही ऐकू येऊ लागला. माझा आवाज मात्र दूर जात होता. आधी पडवीतून बोलल्यासारखा, मग अंगणातून, मग खाचरांच्या पलीकडून. आवाज वाढवून पाहिला. नंदाचा वाढला. माझा होता तिथेच राहिला.

त्या दिवसांत एक बारीकशी गोष्ट घडे. मी विमलबाईला तीनदा हाक मारी आणि ती ओ देत नसे. मी पडवीत जाऊन उभा राहिलो की दचके.

"हाक मारावी की, गुरुजी!"

"तीनदा मारली."

"मला एकबी ऐकू नाय आली." मग खाली मान घालून, "आत बाई बोलत व्हत्या, ते आयकलं."

रविवार उजाडला. दुपारच्या खोपोलीच्या गाडीने श्रद्धा यायची होती. विमलबाईने भाजी चिरून ठेवली आणि ती मळणीला म्हणून लवकर गेली. घरात मी एकटाच. शेवटची फाईल अजून मूळ संगणकातच होती. डिस्कची करकर आता थांबत नव्हती. ही फाईल राहिली तर नंदाच्या तोंडून तिचे स्वतःचे नाव मला कधीच ऐकता येणार नव्हते, आणि जिजालाही नाही. मी ती उतरवली. प्रत, तिची प्रत, तिचीही प्रत. शेवटची पूर्ण होताच पडदा काळा झाला. पेटीतून जळकट वास आला, पंखा मंदावला आणि थांबला. मूळ आता उरले नाही.

श्रद्धाने दिवाळीला इथे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपला मी पेनड्राइव्ह जोडला. तो चालवायला तिने मला शिकवले होते.

फाईल सुरू झाली. माझा आवाज नव्हता. दूरचाही नव्हता. जिथे मी 'नंदा' म्हटले होते, तिथे घड्याळाची टिकटिक होती.

मग मोकळी जागा आली. काकणे वाजली. श्वास आला, अगदी कानाशी.

तिने हाक मारली. नंदा म्हणून नव्हे. माझ्या नावाने.

आमच्या संसारात नंदाने माझे नाव एकदा घेतले होते, लग्नात, उखाण्यात, बायकांनी वाट अडवली म्हणून. पुढे अहो, मग श्रद्धाचे बाबा. तापात बरळतानाही तिने ते कधी उच्चारले नाही.

हाक पुन्हा आली. अधिक स्वच्छ.

फाईल संपली. मी पेनड्राइव्ह उपसून काढला. लॅपटॉप मिटला. दोन हाका. संथेच्या दोन, आणि समजुतीतल्याही दोन. बाहेर ऊन लख्ख होते. राजमाचीची शिखरे जागच्या जागी होती. मी ती पाहत राहिलो.

तिसरी हाक स्वयंपाकघरातून आली.

माझे नाव. मायेने, जेवणाला बोलवावे तसे.

तिसरी हाक माणसाची असते. मी ते शाळेत मुलांना अंधश्रद्धा म्हणून सांगितले होते. त्या क्षणी मला ते शास्त्र वाटले, कारण मला ते तसे हवे होते.

"ओ," मी म्हणालो.

आत कोणीतरी ते म्हणून पाहिले.

"ओ."

स्वर चुकला होता. नवशिक्याचा चुकतो तसा, वरचा लागला होता.

"ओ."

या वेळी बरोबर होता. माझाच होता.

फाटकाची कडी वाजली. पायरीशी चपला काढल्याचा आवाज आला.

"बाबा!" श्रद्धाने हाक मारली.

मी तोंड उघडले. त्याआधीच आतून ओ आली.

"आत आहात होय? जिजा, चल, आजोबा आत आहेत," असे म्हणत, लेकीला कडेवर सावरत, ती माझ्या खुर्चीजवळून, खुर्ची रिकामी असल्यासारखी, स्वयंपाकघरात गेली. जाताना तिने टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलून घेतला.