लाल वर्तुळाच्या आत

"मॅडम, वर चला! दुर्बीण मोडली!"

केरबा शिपायाची हाक ऐकताच पंचशीलाबाईंनी खडू टाकला आणि गच्ची गाठली. त्या भौतिकशास्त्र शिकवत. मोटारीवर फिरणारी ही दुर्बीण त्यांनीच उभी केली होती. लातूर जिल्हा नवा, कॉलेज त्याहून नवं, नळ मात्र कोरडे. असल्या दुष्काळात आज संध्याकाळी गावाला धूमकेतू दाखवायचा होता.

दुर्बिणीच्या जाळीच्या खोलीत जळक्या वायरचा वास भरला होता. बाईंनी मोटारीचं झाकण काढलं. पितळी चाकाचे दाते पार झिजले होते.

प्राचार्य शेषेराव धापा टाकत आले. मागोमाग गणिताचे रेणुकादास सर.

"ही वस्तू कुणाच्याही हाती द्यायची नव्हती," रेणुकादास म्हणाले. "बाईंचा धक्का लागला असणार."

शेषेरावांनी हात पुढे केला. "किल्ली द्या बाई. कार्यक्रम रद्द. यापुढं दुर्बीण सरांच्या ताब्यात."

"नाही देणार," बाई म्हणाल्या. "कुणी मोडली ते आधी सांगते. मग मागा."

या कॉलेजात शेषेरावांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"केरबा, सकाळी मी मोटार सुरू केली तेव्हा तू होतास?"

"हाव मॅडम. चाचणी हाय म्हनलात, कुलूप घालून खाली गेलात."

"नंतर वर कोण आलं?"

"काय ठावं. म्या टँकरची वाट बघत हुतो."

"दुसरी किल्ली?"

"स्टाफरूमात खिळ्याला. कुनीबी घ्यावी."

बाई खाली वाकल्या. दुर्बिणीच्या पायांभोवतीची धूळ जशीच्या तशी होती. नळी फिरताना कुठं आपटू नये म्हणून त्यांनी फरशीवर लाल वर्तुळ रंगवलं होतं, आत काही ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. वर्तुळाच्या आत, भिंतीलगत, तिवईच्या तीन पायांचे ओलसर ठसे दिसत होते. नळीचा पांढरा रंग एका जागी खरवडला होता आणि तिथं हिरवा धागा चिकटला होता.

"खाली चला," बाई म्हणाल्या.

स्टाफरूममधला सगळ्यांचा माठ रिकामा होता. कोपऱ्यात तिवईवर रेणुकादासांची तांब्याची घागर होती, हिरव्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ते पाणी ते घरून आणत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. परवा चक्कर आलेल्या एका मुलीला बाईंनी त्यातलंच पाणी पाजलं होतं.

"धक्का लागला असता तर दुर्बिणीचे पाय हलले असते," बाई बोलू लागल्या. "ते हलले नाहीत. दाते झिजलेत, म्हणजे नळी कशाला तरी अडली आणि मोटार ढकलत राहिली. अडवणारी वस्तू जड होती, ओली होती, तिवईवर होती. नंतर कुणीतरी ती उचलून नेली."

"माझी घागर कालपासून इथंच आहे," रेणुकादास ताडकन म्हणाले.

"केरबा, फडकं काढ."

केरबानं रेणुकादासांकडं पाहिलं. त्याचा हात पुढं होईना. मग बाईंनी स्वतःच फडकं ओढलं. ते एका जागी फाटलं होतं आणि तिथंच घागरीच्या पोटावर पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता.

"तुम्ही ठेवलीत तेव्हा नळी लांब होती, सर. ती तासकाट्यापेक्षाही हळू फिरते. बघून तुम्हाला वाटलं, बंदच आहे."

"वर सावली होती, वारा होता..."

"आणि मी दिवसभर खाली वर्गात. स्टाफरूममध्ये माझा हात पुन्हा घागरीला लागला असता, म्हणून वर नेलीत."

शेषेरावांचा पुढं केलेला हात केव्हाच मागं गेला होता.

"बाटलेलं पाणी..." रेणुकादास पुटपुटले. "घरी आई विचारते."

"आईंना सांगा, त्या पाण्यानं पोरगी शुद्धीवर आली." बाई रागानं म्हणाल्या. "आणि तुमच्या सोवळ्यानं गावाची दुर्बीण मोडली."

"बाई, आता कार्यक्रमाचं?" शेषेरावांनी हळूच विचारलं.

"होणार. मोटार नाही तर मी हातानं फिरवीन. केरबा, ही घागर जिन्याच्या तोंडाशी ठेव. लोक लांबून येतील, तहानलेले असतील."

केरबा घुटमळला. "पन मॅडम, पानी वाढनार कोन?"

पंचशीलाबाईंनी खुंटीवरचा पेला काढून रेणुकादासांच्या हातात दिला.

"सर वाढतील. पहिला पेला मला."