वेळेवर पोहोचणारी गोष्ट

दिगंबरराव पाटणकरांच्या कपाळावरची स्मृतिपट्टी हिरवी झाली, तेव्हा ते दोनशे अकराव्या पानावर होते. कादंबरीतला कमांडो बॉम्बची वायर कापत होता, आणि काचेपलीकडे स्मृतिविज्ञान केंद्राचे दोन शास्त्रज्ञ श्वास रोखून उभे होते. पुस्तक वाचणाऱ्या म्हाताऱ्याकडे इतकं टक लावून याआधी कुणी पाहिलं नसेल.

"आठवण मऊ पडली," डॉ. वैदेही शिरोडकर म्हणाल्या.

"मला अजून पटत नाही," त्यांचे सहकारी डॉ. इम्तियाझ मुलाणी म्हणाले. "औषध सोडून कादंबरी?"

"आठवण काढली की ती काही तास मळलेल्या कणकेसारखी असते. मग पुन्हा घट्ट होते. तेवढ्या वेळात तिच्यात जे मिसळाल, ते कायमचं राहतं. मी याला स्मृतिसांधणी म्हणते. पण नुसतं सांगून काही मिसळत नाही, छाती धडधडावी लागते. अतिरेक्यांच्या मागावर धावणाऱ्या या कादंबऱ्या ते काम आपल्यापेक्षा बरं करतात."

"आणि शेवट?"

"शेवटी कुणीतरी वेळेवर पोहोचतं. म्हणून तर लोक वाचतात, इम्तियाझ. एरवी कोण पोहोचतं?"

दिगंबरराव पोहोचले नव्हते. सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक ऋजुता सुट्टीला घरी येत होती. तिला आणायला एसटी स्टँडवर जायचं, तर हातातली कादंबरी ऐन रंगात आलेली. एवढं संपवतो आणि निघतो, म्हणाले. दहा मिनिटं उशीर झाला. ऋजुता बाकावर वाट पाहत बसली, आणि त्याच बाकाखाली बॉम्ब होता. तेव्हापासून हा माणूस तसलीच पुस्तकं अधाशासारखा वाचत होता. नातेवाईक नाकं मुरडायचे. दुसऱ्याचं दुखणं लोकांना नेहमी खूळच वाटतं.

डॉ. वैदेहींनी त्यांच्यासाठी खास कादंबरी रचून घेतली होती. तेच स्टँड, तोच बाक; बाप वेळेवर येतो, कमांडो बॉम्ब निकामी करतो, लेक घरी परतते. बैठकीमागून बैठकीत त्या उशिराची, स्फोटाची, पोलिसांची, चितेची आठवण विरघळत गेली. दिगंबरराव पोटभर जेवू लागले, शांत झोपू लागले. केंद्रात पेढे वाटले गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी कुंदाताई त्यांना घेऊन आल्या. दिगंबररावांना शेजारच्या खोलीत बसवून त्या एकट्याच डॉक्टरांसमोर बसल्या.

"रोज फाटकाशी उभे राहतात. पोरीच्या फोटोला मी हार घातला, तर अंगावर धावून आले. म्हणाले, जित्या लेकीला हार घालतेस?"

डॉ. वैदेहींनी स्फोट पुसला होता, पण घरातली ऋजुताची खोली रिकामीच होती. मेंदूला कारण लागतं. लेक वाचली आणि तरी सहा वर्षं घरी आली नाही, तर त्याचा अर्थ एकच निघत होता.

"'मी तिला असं काय बोललो, कुंदा, की तिनं तोंड फिरवलं?' दिवसभर हेच विचारतात," कुंदाताई सांगत होत्या. " मागची एकेक गोष्ट उकरून काढतात. आधी निदान आपलं काय चुकलं ते त्यांना ठाऊक होतं हो. आणि रडायला आम्ही दोघं होतो. आता मी मोरीत जाऊन रडते."

"खरं सांगता येईल," डॉ. वैदेही म्हणाल्या. "पण त्यांच्यासाठी ऋजुता आज जाईल. आणि जुनी आठवण उरलेली नाही. आपण सांगू, तेवढंच त्यांना कळेल."

"तेवढंच?"

"तेवढंच."

कुंदाताईंनी पदराचं टोक कमरेला खोचलं. मग उठून शेजारच्या खोलीत गेल्या. नवऱ्याचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, की स्टँडवरचं तुम्हाला जे आठवतं ते पुस्तकातलं आहे. मग बॉम्ब, पोलीस, दवाखाना, चिता, सगळं सांगितलं.

"आणि मी?" दिगंबररावांनी विचारलं. "मी कुठे होतो?"

"तुम्ही वेळेवर निघाला होतात. बस लवकर आली."



"म्हणजे ती माझ्यावर रागावून गेली नव्हती," ते म्हणाले, आणि बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडू लागले. कुंदाताईही रडू लागल्या.