टकटक साहेब

बोगद्यात उतरल्यावर तिने बाबांची हातोडी पिशवीतून काढली आणि मूठ रुमालाने पुसली.

"आता ठोकत बसणार?" कंत्राटदाराचा वकील हसला. "बाई, भिंत आहे ती, कलिंगड नव्हे."

"कलिंगड असतं तर तुम्ही शिल्लक ठेवलं असतं का?"

लवाद खोकले. ते हसू असावं.

मेट्रो रखडली, निवडणुकीआधीचं उद्घाटन हुकलं. उशीर कोणामुळे झाला यावर महामंडळ आणि कंत्राटदार एकमेकांच्या उरावर बसले होते. शेवटी दोघांचं एकमत झालं: उशीर बाबांमुळे झाला. महामंडळाचा हा तपासणी इंजिनिअर बोगद्याच्या काँक्रीट अस्तरामागे पोकळी आहे म्हणत काम अडवून बसला. भिंत तर म्हणे चांगली भरीव होती. मंत्र्यांचा फोन आला आणि बाबांना घरी बसवलं. घरी बसलेले बाबा हिवाळ्यात गेले.

"सोड ना पोरी," आत्या म्हणाली होती, "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

तीही इंजिनिअर. हट्टाला पेटून तिने लवादाकडून परवानगी मिळवली: भिंतीला एकच भोक, जागा ती ठरवेल. चुकली, तर बाबांवरचा ठपका कायमचा.

भरीव काँक्रीट टणक, आखूड वाजतं. मागे पोकळी असली की आवाज ढब्ब होऊन रेंगाळतो. बाबा प्रत्येक ठोक्यानंतर भिंतीवर तळहात टेकवून थांबायचे. मजुरांनी त्यांचं नाव टकटक साहेब पाडलं होतं.

ती ठोकत निघाली. टणक. टणक. ओल्या सिमेंटचा वास नाकात बसला होता. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात भिंत गुळगुळीत, निर्दोष दिसत होती. वकील जांभई देत होता. तिचा खांदा भरून आला, पण ती थांबली नाही.

मग एका जागी आवाज दुहेरी आला. ढब्ब, आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा ढब्ब.

प्रतिध्वनी असेल, असं तिने स्वतःला बजावलं. पुन्हा ठोकलं. या वेळी दोन्ही आवाज एकदम आले.

"मागे कोणी काम करतंय का?" लवादांनी विचारलं.

"मागे माती आहे, साहेब," कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला. "तिथे माणूस कुठून येणार?"

तिने हातोडी उचलली आणि हवेतच धरली.

ढब्ब.

वकिलाची जांभई अर्धवट राहिली. हातोडी भिंतीपासून वीतभर दूर होती.

तिने तळहात भिंतीला टेकवला. भिंत थरथरून शांत झाली.

"इथे," ती म्हणाली. "इथेच भोक पाडा."

ड्रिल सुरू झालं. दुधासारखं पाणी भिंतीवरून ओघळलं. अचानक यंत्राला हिसका बसला आणि ड्रिलचं टोक रिकाम्यात घुसलं. मुकादमाने भोकातून सळई घातली. ती मुठीपर्यंत आत गेली, तरी कशालाच टेकली नाही.

"पोकळी आहे," लवाद सावकाश म्हणाले. "त्यांनी काम अडवलं ते बरोबरच होतं. मी तसा निर्णय देतो."

इतकंच ऐकायला ती इथवर आली होती.

ढब्ब.

भोकापाशी नव्हे. थोडं पुढे.

मग शांतता. भिंतीवर तळहात टेकवून थांबावं, तेवढी.

ढब्ब. आणखी पुढे.

"तिकडे काय आहे?" लवादांचा आवाज बसला होता.

मुकादमाने ओठांवरून जीभ फिरवली. "वळणानंतर पत्र्याचा आडोसा आहे, साहेब. पलीकडे... पलीकडचा मार्ग सुरू झालाय. टकटक साहेबांना घरी बसवल्यावर तो घाईने पुरा केला. गाड्या धावतात. माणसं असतात."

"निर्णय इतक्यात लिहू नका," ती म्हणाली, आणि हातोडी घेऊन आवाजामागे चालू लागली.

आवाज वळणापर्यंत गेला. आडोशापलीकडे गेला. न चुकता, न घाई करता, भिंतीमागून पुढे पुढे जात राहिला.

ती कान देऊन ऐकत होती. अजून एकही ठोका टणक वाजला नव्हता.