तगर, झेंडू आणि जास्वंद

मधल्या सुट्टीची घंटा झाली तशा पहिलीच्या पोरी दाराबाहेर उधळल्या, त्या थेट उद्धवच्या टोपलीवर जाऊन आदळल्या. बिचारा मळ्यातून फुलं घेऊन अंबादेवीकडं निघाला होता. टोपली एकीकडं, फुलं मातीत.

"अगोबाई! केवढं नुकसान झालं तुमचं," म्हणत पोरींची शिक्षिका सिंधूबाई धावत आली.

"खाली पडलेलं फूल देवीले चालत नाही, बाई. तुमाले..." एवढं बोलून तो थांबला.

"मले काय?"

"चालत असंन तं..."

"तं काय?"

"घ्या ना!"

सिंधूला हसू आवरेना. सकाळपासून तिच्या पोरी असंच तोडून बोलत होत्या. पाणी! भाकर! बाई, ती! कोण, काय, कशाला, ते बाईंनीच ओळखायचं. त्यात आता हा सहा फुटांचा विद्यार्थी!

पण त्या सांडलेल्या फुलांनीच तिला वाट दाखवली. सुट्टी संपल्यावर तिनं तीन फुलं ओळीनं मांडली. पांढरी तगर म्हणजे कोण. पिवळा झेंडू म्हणजे काय, नाहीतर कोणाला. तांबडी जास्वंद म्हणजे काय करतो. तीन पोरी, तीन फुलं, आणि तिन्ही मिळून एक पुरतं वाक्य.

"आजी!" "दळण!" "दळते!"

"बकरी!" "माही पाटी!" "खाते!"

वर्ग टाळ्यांनी दणाणला. खिडकीबाहेर रिकामी टोपली धरून उद्धव तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून देवीच्या आधी शाळेला फुलं पोचू लागली.

"तुमी रोज खिडकीशी काहून उभे राहता?"

"मी शिकून राहिलो, बाई. मले बी..."

"पुरतं बोला. अर्धं बोलणाऱ्याले आमी बाकावर उभं करतो."

"तुमच्या बाकाले माहा भार झेपन का?" म्हणत तो पळालाच. पुढं कधीतरी त्यानं शाळेच्या कुंपणाशी जास्वंदीची फांदीही लावून टाकली. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "एखाद्या दिशी मी आलो नाही तं..."

तेही वाक्य अर्धंच.

सिंधूचं लग्न तिला काही कळायच्या आधी झालं होतं आणि नवरा तापानं गेला तोही तिला काही कळायच्या आधीच. मग आत्यानं, माणिकबाईनं, तिला शिकवलं, शाळेतली बाई केलं. "आपल्यात पाटाची चाल हाये, पोरी," आत्या म्हणायची. "दुसरं घर करणाऱ्या बाईले आपल्यात कोणी नाव ठेवत नाही."

"कोणी विचारलं तं पाहू," सिंधू म्हणायची. आणि विचारणारा रोज सकाळी येऊन 'मले बी' वर अडकायचा.

वर्ष सरलं. दसरा झाला आणि हुकूम आला: अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई म्हणून सोमवारी रुजू व्हायचं. सिंधूला ती जागा मनापासून हवी होती. त्यासाठी तर रात्ररात्र कंदिलाशी वाचलं होतं तिनं. पण... हा 'पण' सकाळच्या वेळी येऊन खिडकीशी उभा राहायचा.

"अकोल्याले जाऊन राहिले म्हणे?" उद्धवनं विचारलं.

"हो."

"अस्सं," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाही. कुंपणावरची जास्वंद तेवढी फुलली होती. सिंधूनं तिच्याकडं पाहायचंच नाही असं ठरवलं.

शनिवार, शेवटचा वर्ग. पोरी मुसमुसत होत्या. तेवढ्यात दारात उद्धव, धोतरावर रेल्वेच्या कोळशाचे डाग. सरळ आत आला. टेबलावर तगर ठेवली.

"मी."

शेजारी झेंडू ठेवला.

"तुमाले..."

आणि थांबला.

"काका, जास्वंद! जास्वंद राहिली!" पोरी ओरडल्या.

"कुठं हाये जास्वंद?" सिंधूनं विचारलं.

"कुंपणाले हाये. तोडायची का नाही, ते... ते तुमी पाहा."

"दोन दिवस कुठं होते?"

"अकोल्याले. मामाचा मळा पडीत हाये तिथं. इहिरीले पाणी पाह्यलं, माती पाह्यली. मामा हो म्हणते. झाडाचं काय, बाई, फांदी लावली का कुठंबी जगते."

सिंधूला तिथं उभं राहवेना. ती बाहेर गेली. कुंपणाशी पोचली, पण देठ काही चटकन तुटेना. परत आली, तांबडं फूल झेंडूच्या शेजारी ठेवलं, आणि खाली पाहूनच म्हणाली, "आता म्हणा."

"मी तुमाले मागणी घालतो," उद्धव म्हणाला. खणखणीत. एक शब्द न गिळता.

पुरतं वाक्य झालं की टाळ्या वाजवायच्या, हा वर्गाचा नियम. पोरींनी तो इमानानं पाळला.

"आत्याले विचारा जा," सिंधू पदराआडून पुटपुटली. "पण तिथंबी असंच बोलजा. पुरतं!"

त्या दिवशी अंबादेवीला फुलं फारच उशिरा पोचली. देवी रागावली असेल, असं मला तरी वाटत नाही.