फिरता पंखा थांबला कसा?

साल २०५२. निफाडजवळच्या एका शाळेत भरदुपारी कोडं पडलं : अंगावर वारा घालणारा पंखा थांबलेला असू शकतो का?

या शाळेची स्वतःची बातमीवाहिनी होती. बातम्या मुलंच टिपायची, मुलंच जोडायची. शिकवायला टिपणीस नावाचा यंत्रमानव. सहावीतल्या जुईची पहिलीवहिली बातमी चार वाजता गावच्या मोठ्या पडद्यावर लागणार होती. तिची झलक सकाळीच झळकली : ‘कांदाचाळीचा पंखा बंद. राखणदार गाफील?’

ती झलक पाहून राखणदारीणच शाळेत आली.

“कुठंय ती पत्रकारीण? काय गं जुई, माझा पंखा बंद?”

“भामामावशी, पुरावा आहे माझ्याकडे.” जुईने चित्रफीत लावली. कडक ऊन, चाळीची भिंत आणि पाच पात्यांचा पंखा, अगदी जागच्या जागी.

“पुरावा घाल चुलीत! सतरा वर्षं कांदा राखला मी, एक चाळ सडू दिली नाही. चारला सारं गाव हे बघणार. चल, आधी दाखवते.”

तिने जुईचा हात धरला आणि थेट चाळीत नेलं. मागोमाग टिपणीस, त्याच्यामागे पाच-सहा पोरं. पंख्यासमोर उभी राहताच जुईच्या बटा भुर्रकन उडाल्या. कांद्याची पातळ सालं पाखरांसारखी भिरभिरली. तिने कॅमेरा उचलला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पंखा स्तब्ध! कॅमेरा खाली केला, तर नुसतं गरगर.

“सकाळी तू पंखा कशात पाहिलास?” टिपणीसने विचारलं.

“कुंपणाबाहेरून... पडद्यातच.” जुईचा आवाज बारीक झाला. “नवे पंखे आवाजही करत नाहीत ना. मग कॅमेरा खोटं बोलला?”

“छे! त्याने दिसलं तेवढंच सांगितलं. या बघू पोरांनो, पाच जण फेर धरा. डोक्यावर गोणपाटाच्या खोळी घ्या, म्हणजे सारे सारखे दिसाल. जुई, डोळे मिट. टाळी वाजली की क्षणभर उघड, पुन्हा मिट.” मग तो पोरांच्या कानात काहीतरी कुजबुजला.

जुईने टाळीगणिक डोळे उघडले. पाच खोळी. पुन्हा पाच खोळी. त्याच जागी.

“हलतायत का?”

“नाही!”

पोरं खोळीतच खुसुखुसु हसली. “अगं वेडे, तू डोळे मिटलेस की दर वेळी आम्ही एकेक घर पुढे सरकतोय!”

जुई थबकली. एकाच्या जागी दुसरा आला, तोही तसाच दिसणारा. मग फेर हलला हे कळणार कसं?

“कॅमेराही असाच डोळे उघडतो, मिटतो,” टिपणीस म्हणाला. “तुझा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चौकटी (एकेक स्थिर चित्र) टिपतो. पंखा सेकंदाला पाच फेऱ्या मारतो.”

जुईने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे दोन चौकटींच्या मध्ये एक पंचमांश फेरी... प्रत्येक पातं बरोबर पुढच्याच्या जागी! मग तीस चौकटी टिपल्या तर? पातं तिथवर पोचायच्या आतच चित्र निघेल.”

“करून बघ की.”

तिने कॅमेऱ्याची गती बदलली. पंखा डुलत डुलत उलटा फिरू लागला.

“अगं बाई, हा तर माहेरी निघाला!” भामामावशी खळखळून हसली. मग एकदम गंभीर झाली. “पण पोरी, गावाला काय सांगशील?”

“बातमी मागे घेऊया?” एका पोराने सुचवलं.

“मागे का? गावाने वाचलं ते गावासमोरच दुरुस्त करायचं,” जुई म्हणाली. “मावशी, पंख्याजवळ उभ्या राहा. सकाळी विचारायला हवं होतं, ते आता विचारते.”

भामामावशीने पदर सावरला आणि कॅमेऱ्याकडे पाहत गुणगुणली :

वारा गं माझा सखा, नाही दिसत डोळ्याला,
फुंकर घालितो, माझ्या कांद्याच्या बाळाला.

“हे पण घे हं बातमीत,” ती म्हणाली.

चार वाजता गावच्या पडद्यावर जुई आली. केस अजून विस्कटलेले, मान ताठ.

“नमस्कार. आधी माझी चूक सांगते. भामामावशी गाफील नव्हत्या, मी होते. त्यांचा पंखा मला थांबलेला दिसला, पण तो फिरत होता. असं का होतं, ते आता तुम्हीही शोधून काढा. घरातला पंखा लावा, कॅमेरा घ्या. आणि हो, समोर हातही धरून बघा.”